नाणं कुठल्या यंत्रावर चुकलं? टांकसाळीतल्या चुका कशा होतात आणि कोकणात त्या कशा ओळखायच्या

कोकणात विचित्र नाण्यांना तोटा नाही. खाडीवरच्या पुलावरून जाताना हात जोडून पाण्यात टाकलेला रुपया कधीतरी ओहोटीला चिखलात सापडतो. देवळाच्या दानपेटीतून तेलकट, कुंकवानं लाल झालेली नाणी निघतात. किनाऱ्यावरच्या दुकानाच्या गल्ल्यात खाऱ्या हवेनं ठिपके धरलेली नाणी तर रोजचीच. त्यातलं एखादं हातात धरून कुणीतरी विचारतोच, "ह्याचे किती गावतले?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: जेवढे त्यावर छापलेत तेवढेच.

कारण टांकसाळीत झालेली चूक आणि बाहेर पडल्यावर नाण्याची झालेली दशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टांकसाळीतली चूक एका ठरावीक यंत्रावर, एका ठरावीक क्षणी होते. ती कुठे झाली असेल हे तुम्हाला सांगता आलं, तर ती चूक असण्याची शक्यता आहे. सांगता येत नसेल, तर ते नाणं बिघडलेलं समजा आणि त्याचा चहा प्या. पुढचा सगळा लेख म्हणजे हा एकच प्रश्न विचारत नाण्यामागोमाग टांकसाळीतून चालत जाणं आहे.

आधी सामान

सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि एक साधा लोहचुंबक. एवढं पुरतं. मोबाइलचा कॅमेरा शेवटी वापरायचा, कारण तो सावल्यांचे उठाव करून दाखवतो आणि उठावांचे खळगे. नाणं खिडकीपाशी एका बाजूनं येणाऱ्या उजेडात धरा आणि हळूहळू फिरवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली काहीच नीट दिसत नाही.

आणि हो, नाणं धुवू नका. निदान अजून तरी नाही. आपल्याकडे समई-तांब्या चिंचेनं, कोकमानं नाहीतर बिंबलांनी लख्ख घासायची सवय हाताला असते, ती नाण्यावर चालवली की संपलं. आंबट रस धातूचा वरचा थर खातो, रांगोळी आणि राख ओरखडे पाडतात, आणि टांकसाळीच्या ठोक्यानं पृष्ठभागावर आलेली जी मूळ झळाळी चुकीचा पुरावा देत असते ती जाते. घासून चमकवलेलं नाणं जाणकार लगेच ओळखतो.

नाणं कसं असायला हवं होतं?

चूक ओळखण्याआधी बरोबर काय ते माहीत हवं. लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात, कारण गेल्या तीस वर्षांत आपल्या नाण्यांनी इतक्या वेळा धातू, आकार आणि चित्रं बदलली आहेत की एकाच गल्ल्यात चार तऱ्हांचे दोन रुपये मिळतात.

एक रुपया १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा, २५ मिमी व्यासाचा, ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ च्या मालिकेत तो साधारण २२ मिमी आणि ३.७९ ग्रॅमवर आला, २०१९ च्या मालिकेत २० मिमीवर. दोन रुपयांचं नाणं आधी अकरा कोनांचं, तांबं-निकेल मिश्रधातूचं, ६ ग्रॅमचं होतं. २००५ पासून ते गोल आणि स्टीलचं झालं, २०११ ला २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम, २०१९ ला २३ मिमी. जाड, जड पाच रुपये ९ ग्रॅमचे. २०११ चे निकेल-ब्रासचे, पिवळसर पाच रुपये ६ ग्रॅमचे, आणि मध्ये स्टीलचेही पाच रुपये येऊन गेले. दहाचं दोन धातूंचं नाणं २७ मिमी. वीसचं तेवढंच, पण बारा कोनांचं आणि ८.५४ ग्रॅमचं.

आता बघा, २०११ चे दोन रुपये आणि २००० सालचा एक रुपया यांचा धातू, व्यास आणि वजन एकच. त्यामुळे एका नाण्याची चकती दुसऱ्यात गेली तरी ती चूक कुणालाच कळणार नाही. अशी गंमत आहे.

इथे लोहचुंबक कामाला येतो. आपल्या नाण्यांचं स्टील चुंबकाला चिकटतं. तांबं-निकेलचं नाणं चिकटत नाही, निकेल-ब्रासचंही नाही. साल २००२, अकरा कोन, आणि तरीही चुंबकाला चिकटणारे दोन रुपये मिळाले तर थांबून बघण्यासारखं आहे. मात्र ते मुळातच खोटं नाणं नाही ना, हे आधी पाहायचं.

टांकसाळीची खूण सालाखाली असते. मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब. कोलकात्याची खूणच नसते. म्हणून 'खूण नसलेलं दुर्मीळ नाणं' म्हणून जे विकायला येतं ते बहुधा कोलकात्याचं साधं नाणं असतं. काही वर्षी आपली नाणी परदेशातूनही पाडून घेतली गेली, १९८५ च्या काही रुपयांवर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची 'एच' ही खूण आहे. ती चूक नव्हे. दहाच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह असणं किंवा नसणं हीही चूक नव्हे. ते चिन्ह २०११ पासून नाण्यांवर आलं, आधीच्यांवर ते असणारच कसं? दहाच्या नाण्यांची चौदा वेगवेगळी रूपं चलनात वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये जाहीर सांगितलं, तरी काही दुकानदार अजून हात मागे घेतात.

पहिला थांबा: चकती कापताना

धातूची लांब पट्टी लाटून ठरावीक जाडीची करतात आणि एक यंत्र तिच्यातून गोल चकत्या कापतं. मोठी पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडाव्यात तसंच. पोळी पुरेशी पुढे सरकली नाही की पुढची वाटी आधीच्या भोकावर पडते आणि पुरीला चंद्रकोरीसारखा खाच येतो. नाण्याचंही नेमकं हेच होतं. याला क्लिप म्हणतात. पट्टीच्या सरळ कडेवर यंत्र पडलं तर खाच सरळ येते, पट्टीच्या फाटक्या टोकावर पडलं तर वेडीवाकडी.

खरी क्लिप आणि कानशीनं घासलेली खाच यांतला फरक ओळखायला वजन उपयोगाचं नाही, दोन्हींत ते कमीच भरणार. बघायचं ते खाचेजवळचं अक्षर. खऱ्या क्लिपमध्ये खाच ठोका बसण्याआधीच होती, त्यामुळे ठोक्याच्या वेळी धातू त्या मोकळ्या जागेकडे सरकतो आणि अक्षरं खाचेकडे ताणल्यासारखी, पुसट होत गेलेली दिसतात. कापलेल्या नाण्यात अक्षर मधोमध छाटलेलं, कडक असतं. शिवाय खाचेच्या बरोबर समोरच्या बाजूची कड बघा. चकतीची कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब नीट बसत नाही, आणि तिथली कड फिकी पडते. नाणं घासणाऱ्याला हे सहसा सुचत नाही.

कापलेल्या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात आणि मग त्यांची कड उचलतात. या टप्प्यावरून छाप न बसताच निसटलेली चकती कधीमधी पिशवीत येते. दोन्ही बाजू कोऱ्या. पण कोरी चकती खरी असेल तर तिचं वजन आणि व्यास कुठल्या तरी नाण्याशी जुळला पाहिजे. समुद्रानं झिजवलेलं नाणंही कोरं दिसतं, पण त्याचं वजन उतरलेलं असतं आणि वाळूनं घासून कडा गोलावलेल्या असतात.

धातूतच अशुद्धी असेल तर पापुद्रा सुटतो, त्याला लॅमिनेशन म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर मात्र पापुद्र्यासारखं दिसणारं बरंचसं काम मिठाचं असतं. त्याबद्दल पुढे.

दुसरा थांबा: डाय

नाण्यावरचं चित्र ज्या कडक पोलादी ठशानं उमटतं तो डाय. एक खालचा, एक वरचा. डायवर जे खोल असतं ते नाण्यावर उंच येतं, हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या शंका आपोआप सुटतात. म्हणून भिंगातून पहिला प्रश्न हाच: समोरची खूण उठावाची आहे की खळग्याची?

डायला तडा गेला तर त्या फटीत नाण्याचा धातू घुसतो आणि नाण्यावर बारीक, उंच, नागमोडी रेघ उमटते. स्टीलची नाणी पाडायला कित्येक टनांचा दाब लागतो आणि यंत्र मिनिटाला शेकड्यांनी नाणी पाडतं, डायचे हाल होणारच. डायच्या काठाचा तुकडाच उडाला तर नाण्याच्या कडेला गुळगुळीत, चित्र नसलेला फुगवटा येतो. संग्राहक त्याला इंग्रजीत 'कड' (cud) म्हणतात, पण मराठीतल्या 'कड'शी त्याचा घोळ नको. 'डाय-ब्रेक' म्हटलं की सगळ्यांना कळतं. डायचा बारीकसा कपचा उडाला तर नाण्यावर ठिपका येतो, आणि तो नेमका सालाखाली आला तर कोलकात्याचं नाणं नोएडाचं वाटू लागतं. खरं टिंब वाटोळं, नीटस आणि ठरल्या जागी असतं. कपच्याचा ठिपका ओबडधोबड असतो.

याउलट, रेघ खळग्याची असेल तर ती बहुधा ओरखडा आहे. चावी, चाकू, दगड, काहीही. त्यात चूक शोधू नका.

अक्षरं गायब असतील तर? कोपऱ्यात साचलेलं तेल, धूळ आणि धातूचा कीस डायच्या खाचा बुजवतात, मग तिथे धातू वर येत नाही. 'सत्यमेव जयते' ही अक्षरं बारीक, म्हणून ती सर्वात आधी बुजतात. 'सत्यमेव जयते नसलेलं नाणं' म्हणून ज्याच्या जाहिराती येतात ते बहुतेक या जातीचं, किंवा नुसतंच झिजलेलं. झीज असेल तर सिंहाच्या आयाळीपासून कडेपर्यंत सगळेच उंच भाग सपाट झालेले असतात. बुजलेल्या डायमध्ये तेवढीच अक्षरं नसतात आणि शेजारचं सगळं टवटवीत असतं.

दोन डायच्या मध्ये चकती आलीच नाही आणि ते एकमेकांवर आदळले, तर एकाचं चित्र दुसऱ्यावर हलकं उमटतं. त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर मागच्या बाजूची उलटी, भुतासारखी छटा मोकळ्या जागेत दिसते. ही चूक बघायला भिंग आणि चिकाटी दोन्ही लागतात, आणि म्हणूनच ती अजून स्वस्तात मिळते.

दुहेरी अक्षरांवरून सगळ्यात जास्त वाद होतात. डाय तयार करताना मुख्य ठसा त्यावर एकाहून अधिक वेळा दाबला आणि दुसऱ्या वेळी तो किंचित सरकला, तर डायवरच चित्र दुहेरी बसतं. अशा डायच्या नाण्यावर अक्षराला दोन गोलसर माथे आणि टोकाला स्पष्ट फाटा दिसतो. त्यापेक्षा कितीतरी सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे ठोक्याच्या क्षणी ढिला डाय थरथरणं. तिथे अक्षराच्या एका बाजूला सपाट, पायरीसारखी कड दिसते आणि मूळ अक्षर उलट बारीक झालेलं असतं. पहिल्याला किंमत आहे, दुसऱ्याला जवळजवळ नाही. विकणारे दोन्ही एकाच नावानं विकतात.

आणि फिरलेला डाय. भारतीय संग्राहकांना हा फार आवडतो, आणि तपासायला सगळ्यात सोपा आहे. नाणं सिंह सरळ येईल असं धरा, वरच्या आणि खालच्या टोकाला दोन बोटं ठेवा आणि त्याच अक्षावर गर्रकन फिरवा. आपल्या नाण्यांत मागची बाजू सरळच यायला हवी. ती तिरकी किंवा उलटी आली, तर डाय धारकात ढिला होऊन फिरला होता किंवा बसवतानाच चुकीचा बसवला होता. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कोन लिहून ठेवा: तीनवर, साडेचारवर, सहावर. दहा-पंधरा अंशांचा फरक इतका नेहमीचा आहे की त्यावर उत्साह खर्च करू नये. पूर्ण उलटं म्हणजे सहावर असेल तर ठेवून द्या. या चुकीची एक चांगली बाजू अशी की ती घरी बनवता येत नाही, नाणं मधून चिरून पुन्हा जोडल्याशिवाय.

तिसरा थांबा: ठोका आणि कॉलर

ठोका बसताना चकतीभोवती पोलादी कडं असतं, तिला कॉलर म्हणतात. धातू बाहेर पसरू नये, नाणं गोल राहावं आणि कडेवर दाते उमटावेत म्हणून. कॉलर वर आलीच नाही तर धातू मोकळा पसरतो: नाणं नेहमीपेक्षा रुंद, पातळ, बिनकडेचं होतं, पण वजन अगदी बरोबर भरतं. कॉलर अर्धवट वर आली तर कडेला पायरी येते, अर्धी दातेरी, अर्धी गुळगुळीत.

कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून इथे या चुकीला एक स्पर्धक आहे. रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं. तेही रुंद, तेही पातळ. पण त्यात अक्षरं दाबली जाऊन पसरलेली असतात, आकार लांबट असतो आणि पृष्ठभाग चिकणा होतो. कॉलरविना पडलेल्या नाण्यात मधलं चित्र पूर्ण उठावाचं, धारदार असतं. रुळावर नाणी ठेवण्यात जिवाचा धोका आहे हे पोरांना सांगा, आणि जमलं तर त्यांची नाणी खरी चूक म्हणून विकणाऱ्या काकांनाही.

चकती डायच्या बरोबर खाली बसलीच नाही तर छाप एका बाजूला सरकतो आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहते. ऑफ-सेंटर म्हणतात ती हीच. किती टक्के सरकलं, हे कोऱ्या भागाच्या रुंदीवरून अंदाजानं लिहितात. थोडंसं सरकलेलं फारसं मोलाचं नाही. अर्ध्याच्या आसपास सरकलेलं, पण साल आणि टांकसाळीची खूण मात्र स्पष्ट दिसणारं, ते सगळ्यांना हवं असतं. कारण उघड आहे: नाणं कुठलं आणि कधीचं ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

पडलेलं नाणं यंत्रातून बाहेर न जाता तिथेच राहिलं आणि पुन्हा ठोका बसला, तर दोन छाप. ते नाणं डायलाच चिकटून बसलं तर गोष्ट आणखी रंगतदार होते. पुढची चकती येते, तिच्या एका बाजूला डाय लागतो, दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणं. मग एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र खळग्यात, आरशातल्यासारखं उलटं. ही ब्रॉकेज. आपल्याकडचे संग्राहक तिला लक्खी म्हणतात, आणि गल्ल्यात लक्खी नाणं असलं की धंद्याला बरकत येते असं मानणारे दुकानदारही आहेत. त्या समजुतीमुळेच बनावट लक्खी खूप.

बनावट कशी करतात? दोन नाणी एकावर एक ठेवून पकडीत दाबतात. पण असं दाबताना दोन्ही नाण्यांवर आधीच चित्र असतं. म्हणून बनावट लक्खीत खळग्यातल्या चित्राखाली मूळ चित्राचे अवशेष राहतात, आणि पाठीमागची बाजू दबून सपाट होते. खऱ्या लक्खीत खळग्याच्या बाजूला मूळ चित्राचा मागमूस नसतो आणि दुसरी बाजू कुरकुरीत ताजी असते. चिकटलेलं नाणं जसजसे ठोके खाईल तसतसं पसरत जातं, त्यामुळे नंतरच्या लक्खींमधलं उलटं चित्र फुगलेलं, वेडंवाकडं दिसू शकतं. ते खोटेपणाचं लक्षण नव्हे.

डाय आणि चकती यांच्यामध्ये चिंधी, तार किंवा धातूचा कपटा आला तर त्याचा खळगा उमटतो. कापडाचा विणकामासह ठसा उमटलेलं नाणं पाहिलं तर विसरणार नाही. इथे खळगा आहे, पण तळ चिकणा आणि कडा मऊ. ओरखड्याच्या कडेला मात्र धातू नांगरल्यासारखा वर आलेला असतो.

दहा-वीसची जोडनाणी

यांची बाहेरची कडी आणि आतली चकती वेगळ्या धातूंची, आणि दोन्ही एकत्र ठेवून एकाच ठोक्यात छापली जातात. त्याच दाबानं ती एकमेकांत घट्ट बसतात. या एका वस्तुस्थितीतून सगळं निघतं. ठोक्याआधी आतल्या चकतीवर चित्रच नसतं. मग 'मधला सिंह आडवा झालेलं दहाचं नाणं', ज्यात कडीवरची अक्षरं सरळ आणि मधलंच चित्र फिरलेलं, ते टांकसाळीत होणार कसं? होत नाही. कुणीतरी मधला भाग ठोकून काढून फिरवून परत बसवलेला असतो. यावर वाद घालायचंही कारण नाही.

मधली चकती एका बाजूला सरकून कडीवर चढलेली असेल आणि चित्र त्या सांध्यावरून सलग गेलेलं असेल, तर ते खरं असू शकतं. मधला भाग नसलेली नुसती कडी मिळाली तर आतली कड बघा. कडी रिकामीच ठोक्याखाली गेली असेल तर धातू आत मोकळ्या जागेत सरकून भोक वेडंवाकडं झालेलं असतं. नंतर काढलेल्या कडीचं भोक स्वच्छ गोल असतं.

दोन्ही बाजूंना सिंह, किंवा दोन्ही बाजूंना आकडा असलेली नाणी जादूगारांच्या दुकानात मिळतात. एक नाणं आतून कोरून दुसऱ्याची चिरलेली बाजू त्यात बसवतात. सांधा कडेच्या आतल्या बाजूला लपवलेला असतो, भिंगानं तिथे फिरा. दगडावर टाकलं तर आवाजही बद्द येतो.

मीठ काय करतं

आता आपला खास विषय. खाऱ्या हवेतलं आणि पाण्यातलं क्लोराइड स्टीललाही खातं, पण सगळीकडून सारखं नाही, एकेका बिंदूत. त्यामुळे स्टीलच्या रुपयावर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडतात आणि भोवती तांबूस डाग. खड्डे म्हणजे खळगे. डायच्या चुकीचा उठाव इथे कुठेच नसतो.

निकेल-ब्रासच्या पाच रुपयांत जस्त आहे. खाऱ्या चिखलात बराच काळ पडलं की जस्त आधी निघून जातं आणि पृष्ठभाग तांब्यासारखा लालसर होतो. 'तांब्याचे पाच रुपये' म्हणून जे दाखवतात ते हे. वजन करा, कमी भरेल. कडेला बारीकसा भाग नीट बघितला तर आत पिवळा धातू दिसतो. मुद्दाम ओरखडून बघायची गरज नाही.

जोडनाण्यात दोन वेगळे धातू चिकटून असतात. मध्ये खारं पाणी गेलं की सांध्यापाशी एक धातू झपाट्यानं झिजतो आणि मधली चकती हलायला लागते. ती हलते म्हणून चूक ठरत नाही. होळीत किंवा शेकोटीत तापून निघालेल्या नाण्यांवर फोड येतात आणि रंग बदलतो, तीही याच वर्गातली.

खाडीत, पुळणीत सापडलेलं नाणं ठेवायचंच असेल तर आतलं मीठ बाहेर काढावं लागतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, वाटीत नाणं बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर तरी. मग सुती कपड्यानं टिपून घ्या. पुसू नका. दानपेटीतल्या तेलकट नाण्यासाठी शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, ते धातूला लागत नाही. हवा खेळती ठेवा, विस्तव लांब. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि सुगंध मिसळलेले असतात, ते नको.

शिवराईला हे नियम लावू नका

रायगडाच्या परिसरात काय किंवा कोकणातल्या जुन्या घरात काय, शिवराई निघाली की हल्ली कुणीतरी 'ऑफ-सेंटर एरर' म्हणून तिची किंमत वाढवतो. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पाडल्या गेलेल्या शिवराया हातानं पाडलेल्या आहेत. खाली एक डाय, वर एक, मध्ये तांब्याचा तुकडा आणि वर हातोडा. कॉलर नाहीच. डाय बहुधा तुकड्यापेक्षा मोठा. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं पूर्ण दिसणारी शिवराई हीच उलट विरळा. छाप सरकलेला असणं हा तिचा जन्मस्वभाव आहे. मुंबईची टांकसाळ १८२९ ची, तिथे यंत्रानं आणि कॉलरसह नाणी पडू लागल्यावरच 'सरकलेला छाप' ही चूक ठरते.

जमिनीत पुरलेलं जुनं नाण्यांचं मडकं वगैरे सापडलं तर ते घरी नेऊन वाटून घ्यायचं नसतं. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि देशाबाहेर नेता येत नाहीत.

नाणी मिळवायची कुठून, ठेवायची कशी

गणपतीत चाकरमानी येतात, जत्रांचे दिवस येतात, तेव्हा सुट्ट्या पैशांचा पूर असतो. ओळखीच्या दुकानदाराला नोटा देऊन चिल्लर बदलून घ्या, त्यालाही गणतीचा त्रास वाचतो. देवस्थानच्या मोजणीला बसणाऱ्यांशी ओळख असली तर उत्तम, मात्र जेवढी नाणी घ्याल तेवढी रक्कम त्याच वेळी भरा. आधी सगळी नाणी एका बाजूनं सरळ लावून फिरवून बघा, फिरलेले डाय पाच मिनिटांत वेगळे होतात. मग कडा. भिंग शेवटी.

पावसाळ्यात खरी परीक्षा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या अल्बममध्ये नाणी ठेवली की दोन पावसात त्यांवर हिरवा चिकट थर येतो. कडक पेट (PET) प्लास्टिकच्या किंवा मायलरच्या पाकिटांत ठेवा. रबरबँड, वर्तमानपत्र आणि पुठ्ठ्याचे खोके लांब. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या दाण्यांचं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर तापवून परत निळं करायचं, मात्र तो तवा भाकरीचा नको.

विकताना

वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतील असं सांगून आधी 'नोंदणी शुल्क', मग 'जीएसटी' मागणारे फोन येतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की ती अशा व्यवहारांत नाही आणि कुणाकडून कसलंही शुल्क घेत नाही. खरेदीदार पैसे देतो, मागत नाही.

२०११ च्या नाणे कायद्यानं नाणी वितळवणं आणि नष्ट करणं हा गुन्हा आहे, तेव्हा घरी पकडीत दाबून चुका 'तयार' करण्याच्या फंदात पडू नका.

खरी चूक वाटणारं नाणं असेल तर पाकिटावर एवढं लिहा: मूल्य, साल, टांकसाळीची खूण, वजन, व्यास, चुंबकाला चिकटतं की नाही, आणि चूक चकतीची, डायची की ठोक्याची. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे तीन फोटो, बाजूच्या उजेडात. मग मुंबई-पुण्यात भरणाऱ्या नाणेप्रदर्शनांत ते एकाहून अधिक जाणकारांना दाखवा. चूक कुठल्या टप्प्यावरची, ही नोंद भरता आली नाही, तर ते नाणं अजून पाकिटात घालू नका.